भिंतीवरचा खटका

काचीगुडा, हैदराबाद
३ सप्टेंबर २०००

चि. सारंग,

तू सुखरूप पोचल्याचं कार्ड मिळालं. पुलाचं चित्र छान आहे. मागे तीन ओळी आणि त्यांत पाच चुका आहेत, पण मराठीत लिहिलंस म्हणून सोडून देते.

आता तुझ्या यंत्राविषयी. जूनमधल्या पक्षाघाताच्या झटक्याने माझ्या भावाचं सगळं शरीर गेलं आणि उजव्या हाताचं एक बोट उरलं. तू त्या बोटाखाली दारावरच्या घंटीचं बटण बसवलंस, त्याची वायर यंत्राच्या पाठीत घातलीस. पडद्यावर अक्षरांच्या ओळी एकेक करून उजळतात. हवी ती ओळ उजळली की गोविंद बटण दाबतो, मग तिच्यातलं अक्षर उजळलं की पुन्हा दाबतो. खाली घंटीचं चित्र असलेला चौकोन. तो निवडला की यंत्र असं किंचाळतं की शेजारची शोभा पोळी तव्यावर टाकून धावत येते. एका बोटाला तू जीभ दिलीस. विमानतळावर निघताना मी हे बोलले नाही, कारण तू डोक्यावर चढला असतास. आता बोलते, कारण ती जीभ बंद पडली आहे.

गोविंद लिहीत असतो आणि मधेच पडदा काळा होतो. थोड्या वेळाने आतला पंखा थांबतो. मग त्याने कितीही बटण दाबलं तरी काही होत नाही. मी कीबोर्ड बडवला, माऊस फिरवला, एक चापटही मारली. फक्त एक नारिंगी दिवा माझ्याकडे बघत बसतो. शेवटी मोठं बटण दाबून सगळं पहिल्यापासून सुरू करायचं, आणि त्याने खपून लिहिलेलं गेलेलं असतं. तू होतास तेव्हा हे एकदाही झालं नाही. तेव्हा ते रात्रंदिवस चालू असे.

हिमायतनगरच्या दुकानातल्या माणसाला बोलावलं. त्याने पडदा पाहिला आणि म्हणाला, "ये लिनक्स किसने डाला अम्मा? निकाल को विंडोज डाल देतूं, मक्खन चलेगा." मी विचारलं, त्यात माझ्या भावाची अक्षरं चालतील का? म्हणाला, "वो नै मालूम." त्याला चहासुद्धा दिला नाही. या शहरात पानाच्या ठेल्यामागेही कॉम्प्युटर शिकवण्याची पाटी लागली आहे, आणि एका डब्याला जागं ठेवील असा माणूस मिळत नाही.

कुकटपल्लीच्या शुश्रूषागृहाविषयी बाबांना विचार, असं तू सांगून गेलास. विचारलं. "गोविंद, जायचंय का तिथे? हो असेल तर एकदा दाब, नाही असेल तर दोनदा." त्याने बोट हलवलं नाही. डोळे पडद्याकडे. जन्मभर कोर्टात साक्षीदारांना "हो की नाही, तेवढंच सांगा" म्हणून घाम फोडणारा वकील स्वतः मात्र हो-नाहीत उत्तर देणार नाही. त्याला पूर्ण वाक्य बोलायचंय.

माझं मत तुला ठाऊक आहे. मी धडधाकट असताना माझा भाऊ परक्यांच्या हाताखाली जाणार नाही. पण शब्द त्याचा असेल हे मी कबूल केलंय. खाट वर्षअखेरपर्यंत राखून ठेवली आहे म्हणालास ना? मग तोवर त्याला बोलता यायला हवं. उपाय लिहून पाठव. फोनवर सांगू नकोस. ट्रंक एक्स्चेंजमध्ये आयुष्यभर हेडफोन लावून माझा एक कान गेला, दुसरा जाण्याच्या वाटेवर आहे. रविवारी तुझा फोन आला की मी रिसीव्हर गोविंदच्या कानाला लावून उभी राहते, तसंच चालू दे.

तुझी,
जयाआत्या

ता.क. तुझ्या अक्षरांत ळ नाही. मराठी आईबापाच्या पोटी जन्मून ळ विसरतोस?


एडिसन, न्यू जर्सी
१५ सप्टेंबर २०००

ती. जयाआत्या,

सा. न. ळ साठी सॉरी. पुढच्या वेळी येईन तेव्हा घालतो. हे पत्र लिहायला मला दोन संध्याकाळी लागल्या, तेव्हा चुका मोजू नकोस.

यंत्र बिघडलेलं नाही. त्याला वाटतं, समोर कुणी नाही. बराच वेळ कीबोर्डला किंवा माऊसला हात लागला नाही की ते वीज वाचवायला झोपतं. बाबांचं बटण मी मागच्या दुसऱ्याच सॉकेटला जोडलंय. तिथून येणारी हालचाल त्याच्या हिशेबात धरली जात नाही. बाबा दाबतायत, अक्षरं उमटतायत, आणि तरी ते समजतं की खोली रिकामी आहे. आणि एकदा झोपलं की त्या मॉडेलवर लिनक्सला नीट उठता येत नाही.

सोबत इंग्रजीत एक चिठ्ठी जोडलीय. तिच्यावरच्या दोन ओळी पडद्यावरच्या काळ्या खिडकीत जशाच्या तशा टाईप कर, मधली मोकळी जागासुद्धा. पहिली पडद्याला सांगते की विझू नकोस. दुसरी मॉनिटरला सांगते की वीज वाचवू नकोस. यंत्र सुरू केलंस की रोज सकाळी हे करायचं.

आणि हे होईपर्यंत सोपा उपाय: बाबा लिहितात तेव्हा शेजारी बस आणि अधूनमधून माऊस हलव. तेवढ्याने ते जागं राहील.

बाबा जे लिहितील ते एकही अक्षर न बदलता मला कळव. तू "त्याला असं म्हणायचं असेल" म्हणून सुधारशील, मला माहीत आहे. तसं नको. दिवाळीला यायचा प्रयत्न करतोय.

तुझा,
सारंग


काचीगुडा
२८ सप्टेंबर २०००

चि. सारंग,

मी तुझ्या बापाचं वाक्य सुधारीन? ट्रंक कॉलवर नवराबायको भांडली, सावकार रडले, एका मंत्र्याच्या मेव्हण्याने मला इंग्रजीत शिवी दिली. मी लाइन जोडली आणि ऐकलेलं विसरले. आम्हाला शाळेत नन्सनी शिकवलं होतं की दुसऱ्याचं वाक्य हे दुसऱ्याचं ताट असतं, त्यात बोट घालायचं नाही. तेव्हा ती काळजी सोड.

तुझ्या दोन ओळी रोज टाईप करते. पडदा आता आपणहून काळा होत नाही, एवढं खरं. पण आतला पंखा पूर्वीसारखाच थांबतो, आणि पडद्यावरचं चित्र थिजतं. म्हणजे माणूस डोळे उघडे ठेवून झोपला. थोड्या वेळाने तेही विझतं. तुझ्या लिनक्सला सांगितलं ते त्याने ऐकलं. मग झोपायचा हुकूम देतंय कोण?

आणि तुझा सोपा उपाय. मी शेजारी खुर्ची घेऊन बसते, माऊस हातात धरते, आणि गोविंद बोट हलवत नाही. छताकडे बघत राहतो. मी उठून स्वयंपाकघरात गेले की टिकटिक सुरू. परत आले की बंद. लाजतो बहुतेक. लहानपणी निबंधसुद्धा पाठ फिरवून लिहायचा. तेव्हा यंत्राला एकटंच जागं राहता आलं पाहिजे.

काल आत आले तेव्हा पडदा नुकताच थिजला होता. त्यावर दोनच शब्द: "सारंग अक्काला". बस. अक्काला काय? मी म्हटलं, गोविंद, माझ्याविरुद्ध फिर्याद असेल तर माझ्या तोंडावर कर. नळीतून पेज देते ती पातळ होते का? डोळे मिटून घेतले. हे वकील!

दिवसाची बाई यादम्मा सकाळी आंघोळ घालून जाते, संध्याकाळी परत येते. मधल्या वेळेला दुसरी बाई ठेव, असं तू जाताना म्हणाला होतास. दोघी आल्या आणि गेल्या. एकीला वास सोसेना, दुसरीला मी. मधलं मी सांभाळते. मला काही झालेलं नाही, काळजी करू नकोस.

दसरा आठवड्यावर आहे. गोविंदच्या उशाशी आपट्याची पानं ठेवीन, तुझ्या नावाची.

तुझी,
आत्या


एडिसन
१० ऑक्टोबर २०००

ती. आत्या,

तू विचारलंस, हुकूम देतंय कोण. अगदी बरोबर प्रश्न. माझ्या ऑफिसातसुद्धा हा प्रश्न इतका नीट कुणी विचारत नाही.

लिनक्सच्या खाली आणखी एक मालक आहे. त्याला बायोस म्हणतात. यंत्र सुरू होताना पहिले काही क्षण तो जागा होतो, कुठे काय जोडलंय ते बघतो आणि मग लिनक्सला उठवतो. वीज वाचवायचा हुकूम त्याच्याकडूनही येतो. मी तिथे सगळं बंद करून आलो होतो असं मला पक्कं आठवतं, पण चुकलो असेन.

कृती: यंत्र सुरू केल्याबरोबर डिलीटचं बटण दाबून धर. निळा पडदा येईल. त्यात पॉवर मॅनेजमेंट नावाची ओळ आहे, बाणांनी तिच्यावर जा, एंटर. आत पहिल्याच जागी एनेबल्ड असेल, ते डिसेबल्ड कर. मग एफ-टेन, मग वाय, मग एंटर. दुसऱ्या कशालाही हात लावू नकोस. माऊस तिथे चालत नाही, घाबरू नकोस.

दिवाळीला येणं जमत नाही. कंपनीत एक मोठं काम संपवायचं आहे. डिसेंबरमध्ये बघतो.

कुकटपल्लीचे लोक मला ई-मेल करून विचारतायत. मी त्यांना सांगितलं, बाबा अजून बोलले नाहीत. त्यांना वाटलं मी वेडा आहे.

सारंग


काचीगुडा
२४ ऑक्टोबर २०००

चि. सारंग,

हे पत्र शोभाच्या अक्षरात आहे. माझा चष्मा दुरुस्तीला दिलाय, मी सांगते आणि ती लिहिते. बाई बँकेत आहे, त्यामुळे प्रत्येक वाक्याखाली सही मागेल की काय अशी भीती वाटते. (हे तिने लिहिलं, बघ. प्रामाणिक आहे.)

निळा पडदा आला! शोभाने बटणं दाबली, मी तिच्या डोक्यावर उभी राहून हुकूम दिले. घाबरून तिने एकदा भलतीकडेच बाण नेला, मी ओरडले, ती म्हणाली, "जयाताई, ओरडलात तर मी घरी जाईन." मग मी गोड बोलले. तू लिहिलंस तसंच एनेबल्ड होतं. डिसेबल्ड केलं. काल सकाळपासून संध्याकाळपर्यंत यंत्र जागं होतं, पंखा फिरत होता. गोविंदने बराच वेळ बोट हलवलंच नाही. दसऱ्यापासून तो फार दमलेला आहे, रुसल्यासारखा. संध्याकाळी पहिलं अक्षर लिहिलं तोच डॉक्टर आले. मी म्हटलं, आता उद्या निवांत लिही, आणि यंत्र नीट बंद केलं.

तू हुशार आहेस. हे दुसऱ्यांदा म्हणणार नाही.

आत्या

ता.क. २६ ऑक्टोबर, दिवाळी. पाकीट टाकायचं राहिलं ते बरं झालं. काल पुन्हा झोपलं. आजही झोपलं. हुशार म्हटलेलं परत घेते. एक दिवस चालणारा उपाय म्हणजे उपाय नव्हे, ती जत्रेतली जादू. काल गोविंदने चिडून घंटीचं बटण इतकं दाबलं की त्याचं बोट लाल झालं. मी त्याचा हात हातात घेतला तर माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मीच ते झोपवते आहे.


एडिसन
६ नोव्हेंबर २०००

ती. आत्या,

एक दिवस चाललं आणि मग नाही, हे वाचून मी सुन्न झालो. बायोसमधलं एकदा बदललं की बदललं. ते आपोआप मागे जात नाही. मला इथून काहीच दिसत नाही. इथे मी दुसऱ्यांची यंत्रं दुरुस्त करायचा पगार घेतो आणि बाबांच्या खोलीतलं एक यंत्र मला जागं ठेवता येत नाही. पत्र जायला दोन आठवडे, यायला दोन आठवडे. तू विचारतेस तेव्हाचं दुखणं एक, माझं औषध पोचतं तेव्हाचं दुसरं.

दोन गोष्टी बघून कळव. एक, वीज जाते का, आणि किती वेळ? दोन, पडद्याच्या कोपऱ्यात तारीख असते, ती कोणती दिसते?

शोभाकाकूंना मी फोनवर सगळं समजावलं असतं. रविवारी तुला ओरडून ओरडून सांगितलं, त्यांना बोलव. तू म्हणालीस त्या माहेरी गेल्यात. त्यांचं माहेर तर समोरच्याच गल्लीत आहे ना?

आता खरं सांगतो. माणसं काढताहेत इथे. आमच्या ओळीतली निम्मी टेबलं रिकामी झाली. आत्ता सुट्टी मागितली तर माझंही जाईल, आणि नोकरी गेली की व्हिसा गेला. म्हणून दिवाळीला आलो नाही. डिसेंबरचंही खोटं बोललो. बाबांना सांगू नकोस. फोनवर मी त्यांना दर रविवारी नवीन काहीतरी छान सांगतो. ते उत्तर देऊ शकत नाहीत म्हणून खोटं बोलणं फार सोपं झालंय, आत्या. त्याचीच लाज वाटते.

सारंग


काचीगुडा
२० नोव्हेंबर २०००

चि. सारंग,

पुन्हा शोभाच लिहिते आहे. चष्मेवाल्याने अजून चष्मा दिलेला नाही, हैदराबादच्या कारागिराचं "कल" तुला ठाऊक आहे.

व्हिसा सांभाळ. इथे येऊन तू काय करणार, माझ्यासारखाच खाटेशेजारी उभा राहशील. गोविंदला काही सांगितलेलं नाही.

वीज जात नाही. आपली गल्ली स्टेशनच्या लाइनवर आहे, उन्हाळ्यात सारं शहर घामाने भिजतं तेव्हासुद्धा आपले पंखे फिरतात, हे तू विसरलास? परदेशात गेलेल्या प्रत्येक मुलाला वाटतं की इकडे आम्ही कंदील लावून बसलोय.

तारीख रोज सकाळी जानेवारीची पहिली असते, गेल्या वर्षीची. मी समजले तुझ्या यंत्राची तशीच रीत असेल. ज्याला खोलीत पडलेला माणूस दिसत नाही, त्याला तारीख कशी कळावी?

आम्ही पुन्हा निळ्या पडद्यात गेलो. पुन्हा एनेबल्ड! आम्ही डिसेबल्ड केलं होतं, शोभा देवाची शपथ घ्यायला तयार आहे. जे सांगितलं ते दुसऱ्या दिवशी विसरतं. आमच्या एक्स्चेंजमध्ये असा एक साहेब होता, त्याला बढती मिळाली.

आता मी दमले, सारंग. मी कधी म्हणत नाही, पण दमले. गोविंद आता प्रयत्नही कमी करतो. दोन शब्दांवर पडदा विझला की डोळे मिटतो. माणसाची जीभ गेली तर तो सोसतो. दिलेली जीभ रोज तोंडातून काढून घेतली तर काय करील? कुकटपल्लीच्या लोकांना सांग, आमच्याकडून उत्तर नाही. त्यांची खाट त्यांना लखलाभ.

आत्या


एडिसन
१ डिसेंबर २०००

ती. जयाआत्या,

कुकटपल्लीला मी काही कळवलेलं नाही. सापडलं. बहुतेक सापडलं. हे पत्र जास्तीचं तिकीट लावून पाठवतोय.

यंत्राच्या आत रुपयाएवढी एक गोल बॅटरी असते. यंत्र बंद असताना बायोसची आठवण आणि घड्याळ तिच्यावर चालतं. आपली संपलेली आहे, म्हणून जानेवारी. पण भिंतीतून वीज येत असेल, तर यंत्र बंद केलं तरी आत थोडी धुगधुगी राहते आणि बॅटरीशिवायही आठवण टिकते. वीज जात नाही असं तू लिहिलंस. मग विसरतं कसं? चार दिवस डोकं फोडलं.

काल ऑफिसात टेबल आवरत होतो. (हो, माझंही. आता काळजी करायला काही उरलं नाही, महिनाअखेर मी परत येतोय.) खाली वाकून प्लग काढला आणि भिंतीकडे बघत राहिलो. इथे सॉकेटला खटका नसतो, आत्या. नुसती भोकं असतात. माझ्या डोक्यातून खटका ही वस्तूच निघून गेली होती.

तू रोज रात्री भिंतीवरचा खटका बंद करतेस ना? आजोबांची शिस्त. "खटका बंद केल्याशिवाय अंथरुणाला पाठ लावायची नाही." मी होतो तेव्हा रात्री यंत्र चालू असायचं, म्हणून तो कधी बंद झालाच नाही.

निळ्या पडद्यात पुन्हा एकदा डिसेबल्ड कर, आणि मग खटक्याला हात लावू नकोस. रात्रीसुद्धा. मी आलो की बॅटरी बदलतो.

सारंग


काचीगुडा
१७ डिसेंबर २०००

चि. सारंग,

आज माझ्या हाताने लिहिते. अक्षर वाकडं आहे, कारण पुढे कळेल.

हो, मी खटका बंद करत होते. रोज, न चुकता. यादम्माने चालू ठेवला तर तिलाही बोलत होते. माझ्या बापाने शिकवलेली एकच गोष्ट मी जन्मभर चुकले नाही, आणि तिनेच माझ्या भावाचं तोंड बांधलं. तू आलास की मला बोल. आत्ता लिहू नकोस.

खटक्यावर कागद चिकटवला, "हात लावू नये." तीन भाषांत. यंत्र झोपलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी मुद्दाम बाजारात गेले, शोभाकडे जाऊन बसले, तिच्या पोळ्या लाटायला गेले आणि जमलं नाही. काल परत आले तर पडदा उजळलेला होता. एकही अक्षर न बदलता उतरवते, तू म्हणाला होतास तसं. ळ तू दिला नाहीस, तोही घातलेला नाही:

"सारंग. अक्का पडली. मला उचलताना. दसऱ्याआधी. हात मोडला. यादम्मा येईपर्यंत जमिनीवर होती. मी घंटी दाबत होतो. पडदा काला. शोभा आली नाही. अक्काला झेपत नाही. ती सांगणार नाही. मला कुकटपल्लीला ने. तिला वाईट वाटेल. वाटू दे."

चष्मा दुरुस्तीला नव्हता. नाकावरच होता. उजव्या हाताला प्लास्टर होतं. शोभाला फोनजवळ येऊ दिलं नाही, कारण ती बँकेतली आहे आणि खोटं बोलत नाही.

त्या दुपारी मी फरशीवर पडले होते, सारंग, आणि चांगल्या कानाने मला खाटेवरून टिकटिक ऐकू येत होती. सारखी. मला वाटलं, मी इथे आडवी पडले आहे आणि हा वर निवांत लिहीत बसलाय. मनात म्हटलं, वकिलाला वेळकाळ नाही. रागच आला. तो पूर्ण वेळ शोभाला हाक मारत होता, आणि त्या डब्याला वाटत होतं की खोली रिकामी आहे. हे मला काल पडद्यावर वाचून कळलं. आम्ही दोघं एका खोलीत होतो आणि एकमेकांना काही म्हणजे काही कळवू शकलो नाही.

मी शेजारी बसले की तो लिहीत का नसे, तेही आता कळलं.

मला या वाक्याविरुद्ध पुष्कळ बोलायचंय. हाड जुळलंय. तिसरी बाई मिळेल. मी काही म्हातारी नाही. एवढा सगळा युक्तिवाद तयार करून मी आज खोलीत गेले. तो झोपला होता. वाक्य तसंच पडद्यावर होतं. मी भिंतीपाशी गेले आणि खटक्यावर हात ठेवला. एकदा दाबला असता तर ते वाक्य गेलं असतं, यंत्र विसरलं असतं, आणि त्याला पुन्हा एवढं लिहायला किती दिवस लागले असते कोण जाणे. वर्ष संपलं असतं.

दाबला नाही. आमच्या कामात लाइन जोडली की आपण बाजूला व्हायचं.

तेव्हा कुकटपल्लीला कळव. यंत्र त्याच्याबरोबर जाईल. तिथल्या लोकांना खटक्याचं मी समजावीन, त्यांना आवडो न आवडो. हे पाकीट पोस्टात टाकायला मी स्वतः जाते आहे. तू निघण्याआधी मिळेल का, माहीत नाही.

तुझी,
आत्या

ता.क. निघताना आत डोकावले. गोविंद जागा होता. मी म्हटलं, तुझा कागद निघाला. मग राहवेना म्हणून विचारलं, खरंच जायचंय का तुला? हो असेल तर एकदा दाब, नाही असेल तर दोनदा.

या वेळी वकिलाने उत्तर दिलं. एकदा. मी दुसऱ्याची वाट बघत बराच वेळ तिथेच उभी राहिले. पडदा विझला नाही.